संस्थानातले दोन पाय

अण्णांनी मला खोली दिली ती माझे खांदे बघून. निपाणीहून मी बेळगावच्या शाळेत नोकरीला आलो होतो, आणि शहापुरात खोली स्वस्त मिळते असं ऐकून विणकरांच्या गल्ल्या पालथ्या घालत त्यांच्या दारात पोचलो. सोप्यात माग खडखडत होता. मागाशेजारी बाजेवर एक रुंद छातीचा, भरघोस मिशांचा माणूस उघड्या अंगानं बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होता. कमरेपासून खाली चादर होती. त्यानं माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही, आणि घरमालकानं एवढं सगळं न विचारणं म्हणजे नवलच. "मास्तर, सदरा काढा," तो म्हणाला. मी काढला. त्यानं बाजारात बैल बघावा तसं मला पुढून-मागून बघितलं आणि कोपऱ्यातलं जोंधळ्याचं पोतं उचलायला लावलं.

"खोली तुमची," अण्णा म्हणाले. "भाड्याचं काय ते आत इचारा. माझी अट एकच. सांजच्या आरतीला घरात पायजे. त्येला सबब चालणार न्हाय."

मला वाटलं, घर फार देवभोळं दिसतंय. पहिल्याच संध्याकाळी उलगडा झाला. गल्लीच्या टोकाच्या देवळात घंटा वाजायला लागली तशी अण्णांच्या बायकोनं खुंटीवरून नवारीचे रुंद पट्टे काढले. सगळी गल्ली त्यांना वैनी म्हणायची, मीही म्हणू लागलो. अण्णांच्या धाकट्या भावानं माग थांबवला. त्यानं एका बगलेत हात घातला, दुसऱ्या बगलेत मी घातला, आणि आम्ही दोघांनी अण्णांना उचलून सोप्यातल्या मधल्या खांबाला टेकवलं. वैनींनी छातीला, कमरेला आणि गुडघ्यांना पट्टे आवळले. आम्ही हात सोडले. अण्णा उभे होते, आणि माझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच होते. आरती संपेपर्यंत त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग मला म्हणाले, "खांदे बरे हायत मास्तर. डावा जरा कच्चा हाय."

देवाशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. आरती म्हणजे त्यांचं घड्याळ. उभं राहायला सुरुवात कधी आणि संपवायचं कधी, हे घंटेवर ठरायचं. पुजाऱ्याला एखाद्या दिवशी घाई असली की आरती आटोपती व्हायची, आणि अण्णा खांबावरून आवाज द्यायचे, "गुरुजी, आजूनेक म्हणा की. माझं व्हायचं हाय." गुरुजी बिचारे म्हणायचे. गल्लीत मात्र त्यांच्या भक्तीचा बोलबाला झाला होता. एकदा कुणी बाई बाहेरगावाहून आली, तिनं दारातून हे उभं ध्यान बघितलं आणि येऊन त्यांच्या पायाशी फूल ठेवलं. अण्णा वैतागले. "बाई, मी खांबाला बांधलेला माणूस हाय," ते म्हणाले, "खांबातनं निघालेला न्हवं." बाई फूल उचलून न नेता तशीच गेली, आणि वैनींनी ते केसांत माळलं.

मी यायच्या आधी काही वर्षं, पावसाळ्यापूर्वी कौलं चाळायला अण्णा छपरावर चढले होते. कुजलेला वासा पायाखाली मोडला आणि ते खाली रचून ठेवलेल्या कौलांवर पाठीवर आदळले. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. विणकराचे पाय जाणं म्हणजे काय हे मागाजवळ राहिल्याशिवाय कळत नाही. मागाच्या पावड्या पायांनी दाबाव्या लागतात, तेव्हा सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला वाट मिळते. अण्णांचा हात त्या गल्लीत नावाजलेला होता. आता त्या हातांना कांड्या भरण्यापलीकडे काम उरलं नव्हतं, आणि हे दुःख त्यांनी माझ्यापाशी कधी बोलून दाखवलं नाही.

बोलायचे ते भलतंच. शहापूर तेव्हा संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. मधे नुसता रस्ता आणि जकातीचा नाका. मी रोज शाळेला जाताना राज्य ओलांडून जायचो. अण्णांनी ते सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. "माझ्या कमरंत नाका बसलाय, मास्तर," ते म्हणायचे. "वरचा मुलूख इंग्रजांचा, खालचा संस्थानाचा. हिकडचा हुकूम तिकडं चालत न्हाय आणि तिकडची बातमी हिकडं येत न्हाय. पण रयत आपलीच हाय. तिला उपाशी ठेवून चालंल व्हय?"

त्या रयतेची काळजी हाच त्या घराचा दिवसभराचा उद्योग होता. सकाळी तेल. वैनी पोटऱ्या चोळायच्या, मांड्या अण्णा स्वतः चोळायचे, आणि चोळताना पायांशी बोलायचे. मग घोटे, गुडघे, खुबे, एकेक सांधा वाकवायचा आणि सरळ करायचा. "बिजागरीला गंज चढला की दार कामातनं गेलं," असं म्हणत ते पाय छातीपर्यंत आणायचे. मग बाज अंगणात काढायची आणि पायांवर ऊन घ्यायचं. ऊन सरकेल तशी बाज सरकवायची. त्या बाजेचे पाय घासून घासून अंगणात खाचा पडल्या होत्या. दोन्ही वेळ नाचणीची आंबील आणि वर दूध. घरात दूध कमी पडलं तर बाकीच्यांच्या चहात पाणी पडायचं, संस्थानच्या दुधात नाही.

कधीकधी त्यांचे पाय आपोआप झटके द्यायचे. मांड्या ताठ व्हायच्या, टाचा बाजेवर बडवायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरलो. अण्णा खुशीत होते. "बंड झालंय," ते म्हणाले. "होऊंदे. बंड करायला तरी अंगात रग लागती."

आंघोळीनंतर भागूचं काम असायचं. भागू म्हणजे त्यांच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, लहानपणापासून याच घरात वाढलेली. ती दाढीचा आरसा घेऊन मामाच्या टाचा, घोटे, पाठ सगळं निरखून बघायची. जिथं दुखणं कळत नाही तिथं जखम झालेलीही कळत नाही, म्हणून हा रोजचा पहारा.

"संस्थानची हालहवाल काय?" अण्णा विचारायचे.

"सगळं शांत हाय, मामा. डाव्या टाचंला जरा लाल दिसतंय."

"मग आज डाव्याला उशी. आणि मास्तरास्नी सांग, काल पट्टा कुणी आवळला त्येची चौकशी हुणार."

चौकशी खरंच व्हायची. मी शाळेत मुलांना दरडावणारा मास्तर, पण संध्याकाळी त्या बाजेपुढं उभा राहून पट्टा कसा दुमडला याचा जबाब द्यायचो. मला तो माणूस फार आवडायचा. निपाणीहून घरची पत्रं यायची, बदली मागून घे म्हणून. मी काही मागितली नाही.

हे उभं राहण्याचं वेड कुठून आलं ते मला वैनींनी सांगितलं, एका दुपारी नाचणी निवडताना.

"ह्ये पडले आणि त्येच वर्सी नणंद गेली," त्या म्हणाल्या. "दाजी निपाणीस्नं आले, पोरीला न्हेतो म्हणाले. दुसरं लगीन ठरलंतं त्यांचं. ह्ये म्हणाले, पोरगी हितंच ऱ्हाईल, तिचं लगीन मीच लावीन. तवा दाजी बोलून गेले. लग्नात मामाला पोरीच्या मागं उभं ऱ्हावं लागतंय, तुमी बाजंवरनं कसं काय लावणार म्हणून."

"मग अण्णा काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात. उभा ऱ्हाईन म्हणाले. त्या दिवसापतुर भिताडाकडं तोंड करून पडल्याले असायचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, दाक्तरला बोलीव."

ते डॉक्टर बेळगावहून सायकलवरून यायचे. हॅट घालायचे आणि बोलायचे थोडं. त्यांनीच अण्णांना सांगितलं होतं की हाडाला ओझं लागतं. ओझं गेलं की शरीर हाडातला चुना काढून घेतं आणि लघवीवाटे घालवून टाकतं, हाड आतून पोकळ होत जातं. स्नायू तर डोळ्यांदेखत वाळतात. तेव्हा धरून, बांधून, कसंही, रोज थोडा वेळ उभं राहता आलं तर बघा. पण जपून. हे हाड आता पूर्वीचं नाही, आणि मोडलं तर तुम्हाला कळणारही नाही. अण्णांनी यातलं पहिलं सगळं पाठ केलं आणि शेवटचं सोडून दिलं. "ओझं गेलं की हाडाला वाटतंय आपलं काम संपलं," ते आल्यागेल्याला सांगायचे. "आपुन रोज ओझं द्यायचं. काम हाय आजून म्हणून सांगायचं."

पहिल्यांदा उभं केलं तेव्हा म्हणे डोळ्यांपुढं अंधारी येऊन ते खांबावरच बेशुद्ध झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. चालायला येईल असं त्यांना कधीच वाटलं नाही आणि डॉक्टरांनी तशी भूलही घातली नाही. त्यांना फक्त भागूच्या लग्नात, मंगलाष्टकं संपेपर्यंत, तिच्या मागं उभं राहायचं होतं. एवढ्यासाठी ते वर्षानुवर्षं खांबाला बांधून घेत होते.

भागूचं लग्न ठरलं येळ्ळूरच्या मुलाशी. घरची शेती, आणि मुलगा बेळगावात छापखान्यात नोकरीला. अण्णांनी मांडवाची तयारी करायच्या आधी स्वतःची तयारी सुरू केली. नवे पट्टे विणून घेतले, मोतिया रंगाचे, आहेराच्या पटक्याला शोभतील असे. बोहल्यामागं खांब नव्हता म्हणून मांडव घालणाऱ्याकडून एक मेढ खास त्यांच्यासाठी रोवून घेतली. गल्लीतली माणसं येऊन ती हलवून बघायची आणि पक्की आहे म्हणून सांगून जायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी देवक बसवायचं होतं. दाजी, म्हणजे भागूचे वडील, निपाणीहून आले होते. तंबाखूच्या वखारीत कारकून, अंगानं बारीक, बोलण्यात जरा तिरके, पण तसा माणूस वाईट नव्हता. "देवकाला तुम्हीच दोघं बसा," ते म्हणाले. "पोर तुमच्या घरात वाढली." अण्णा आणि वैनी पाटावर बसले. अण्णांची पाठ धरायला मी मागे बसलो. त्यांचे पाय नेहमीसारखे समोर सरळ पसरलेले होते, आणि समोर देव मांडलेले.

हे बोरगावच्या आत्याच्या ध्यानात आलं. अण्णांची ही आत्या खूप म्हातारी होती, आणि अण्णांना तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. "आरं, देवाकडं पाय करून बसतात व्हय?" ती म्हणाली. "मांडी घाल की."

"आत्या, त्येंची मांडी होत न्हाय," वैनी म्हणाल्या.

"न हुयाला काय झालं? सवय न्हाय म्हणून वाटतंय तसं. थांब, मी घालती." आणि तिनं त्यांचा उजवा पाय मायेनं दुमडला, टाच आत घेतली, आणि वर राहिलेला गुडघा दोन्ही हातांनी खाली दाबला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. "पाट लई जुना झालाय गं," आत्या वैनींना म्हणाली आणि समाधानानं मागं सरकली. गुरुजींनी मंत्र पुढं सुरू केला. अण्णांनी मान वाकवून आपल्या मांडीकडं बघितलं. मग मान थोडी मागं वळवून अगदी हळू मला म्हणाले, "मास्तर, आवाज पाटाचा न्हवं." आणि त्यांनी गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे अक्षता वाहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती. मला ते बघवत नव्हतं.

देवक झाल्यावर चादर बाजूला केली तेव्हा मांडी सुजून तट्ट झाली होती आणि पाऊल एका अंगाला कलंडलं होतं. डॉक्टर आले. त्यांनी हात लावून पाहिलं आणि हॅट काढून बाजूला ठेवली. मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांनी कापूस आणि फळ्या लावून पाय बांधला आणि म्हणाले, "तीन महिने आडवं राहायचं. उद्याचं विसरा." तो पाय पुढं जुळला, जरा वाकडा जुळला, आणि अण्णा पुन्हा खांबावर उभे राहू लागले. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी भागू हळद लावलेल्या अंगानं दारात उभी होती. आत्या तर ऊर बडवून घ्यायला लागली. अण्णांनी तिला जवळ बोलावलं. "आत्या, रडू नगंस. तू देवाचा मान राखलास. पायानं दगा दिला त्येला तू काय करणार?"

दाजी घसा खाकरून म्हणाले, "माझ्या मेहुण्याला सांगतो. तोही मामाच लागतो नात्यानं. उभा राहील तो." म्हणजे नव्या बायकोचा भाऊ. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं असेल. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दाक्तर," ते म्हणाले, "उभं ऱ्हायचं न्हाय का पायावर वजन घालायचं न्हाय?"

"काय फरक आहे?"

"लई फरक हाय. मेढीला टेकलो तर वजन पायावरच येणार, ते आता जमायचं न्हाय. पण फळीवर निजवून अंग आवळलं, आणि मग फळीच उभी केली तर?"

डॉक्टरांनी बांधलेला पाय पुन्हा चाचपून बघितला. मग म्हणाले, "मोडका पाय अधांतरी राहिला पाहिजे. तसूभर हलता कामा नये. मी शेजारी उभा राहणार, नाडीवर हात ठेवून, आणि मी खाली म्हटलं की खाली."

"कबूल," अण्णा म्हणाले.

कोठीच्या खोलीचं सागवानी दार बिजागरीतून उतरवलं. त्यावर गादी, गादीवर अण्णा. नवे मोतिया पट्टे छातीला, कमरेला, धडक्या मांडीला. धडक्या पावलाखाली लाकडाचा ठोकळा, मोडक्याखाली काही नाही. डोक्याला फेटा बांधला तेव्हा वैनी पहिल्यांदा हसल्या. मुहूर्ताच्या वेळी दोन्ही बाजूंनी चौघांनी ते दार उचललं, मांडवात नेलं आणि भागूच्या मागं उभं केलं. एकट्या मेढीवर दार डगमगलं असतं, म्हणून ती नुसतीच मागं राहिली. दार किंचित कलतं ठेवायचं होतं, म्हणून मागून एका बाजूला धाकट्या भावानं आणि दुसऱ्या बाजूला मी खांदा लावला. मांडवात कुजबुज झाली.

गुरुजींना आधीच बजावलं होतं की मंगलाष्टकं आखूड म्हणा. गुरुजींनी म्हटलीही आखूड. पण येळ्ळूरच्या बायकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्या मुलाच्या आत्येनं एक म्हटलं, मावशीनं दुसरं, आणि मग एका काकांनी खिशातून कागद काढला. त्यांनी स्वतः रचलेलं होतं आणि त्यात दोन्ही घरांतल्या सगळ्यांची नावं गुंफलेली होती. डॉक्टरांनी अण्णांच्या नाडीवरचा हात काढला नाही, पण त्यांचं तोंड उतरत चाललं होतं. काकांनी खापरपणजोबांपासून सुरुवात केली होती. माझा डावा खांदा भरून आला. ज्या खांद्यांवर मला खोली मिळाली होती त्यांना आता कंप सुटला आणि दार हलायला लागलं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या शेजारी येऊन दाराला खांदा दिला. मी बघितलं तर दाजी होते. अंगावर नवा कोट होता. त्यांनी पाय रोवले, दात आवळले आणि ते सगळं वजन स्वतःकडं घेतलं. माझ्याकडं किंवा कुणाकडंच त्यांनी बघितलं नाही. काका मुलाच्या चुलत आतेभावांपर्यंत पोचले तेव्हा दाजींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण दार हललं नाही.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. माळा घालून झाल्या तशी भागू वळली आणि तिनं मामाच्या पायांवर डोकं ठेवलं, आधी ठोकळ्यावरच्या, मग फळ्या बांधलेल्या.

"तिकडची बातमी मला येत न्हाय, बाळ," अण्णा म्हणाले. "जरा वर ये." ती उठली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. डॉक्टर खाली घ्या म्हणायला विसरले की काय असं मला वाटलं.

मग अण्णांना काहीतरी जाणवलं असावं. पट्ट्यांमुळं त्यांना मागं वळता येत नव्हतं. "मास्तर, तुमचा डावा खांदा आज लई टिकला," ते म्हणाले. "मागं आजून कोण हाय?"

"दाजी आहेत," मी म्हणालो.

दाजींचा श्वास मला ऐकू येत होता.

"दाजी, दमलासा," अण्णा म्हणाले. "बसा जरा आता. मी हाय उभा."